कासवाच्या नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेतंय. काय करू? घर कसं असावं? (इंदूर)

सुदामानगरची | १२ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे दीड वर्षापासून एक कासव आहे, नाव धोंडू. सल्काटा आहे, म्हणजे आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव, पाण्यातलं नाही. चार दिवस झाले काही खात नाहीये, आणि परवापासून नाकाशी एक बुडबुडा येतो, फुटतो, परत येतो. आज संध्याकाळी तर मान पुढे ताणून तोंड उघडून बसला होता, जवळ कान नेला तर बारीक शिट्टी ऐकू आली, कुकरचं झाकण नीट बसलं नसलं की येते तशी.

राहायला दोन फुटी काचेची टँक आहे, माशांची असते तीच, दुकानदाराने कासवाबरोबर तीच दिली होती. खाली लाकडाचा भुसा, दिरांचं फर्निचरचं काम आहे तिथून मिळतो. मांजर येते म्हणून वरून प्लायचा तुकडा झाकलेला असतो, थोडी फट ठेवून. टँक हॉलमध्ये कूलरसमोरच्या कोपऱ्यात आहे, पाऊस सुरू झाला तरी दुपारी फार उकडतं म्हणून कूलर चालूच असतो. दुकानदार म्हणाला होता "रेगिस्तान का जानवर है मॅडम, पानी मत देना, सूखा रखना", म्हणून पाण्याचं भांडं ठेवत नाही, आठवड्यातून एकदा अंघोळ घालते. गेल्या रविवारी मुलाने अंगणात सोडलं आणि पाऊस आला, काळ्या मातीच्या चिखलात दोन तास भिजत राहिला बिचारा, आम्हाला कळलंच नाही.

जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं, ते म्हणाले आम्ही कुत्री-मांजरंच बघतो. तिथलाच एक मुलगा म्हणाला जंतांचं इंजेक्शन देऊन टाकू, त्याने सगळं साफ होईल. मला भीती वाटली, नको म्हटलं आणि घेऊन आले. सासूबाई म्हणतायत साधी सर्दी आहे, हळदीची वाफ द्या. मुलगा रडतोय. कुणाला काही माहीत असेल तर प्लीज सांगा.

रामबाग_आजोळ | १२ जुलै, रात्री ११:३२

अगं बाई, किती वाईट वाटलं वाचून. आमच्या जुन्या वाड्यात विहिरीत कासव सोडलेलं होतं, पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून पूर्वी सगळेच सोडायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून होतं, त्याला कधी सर्दी झालेली आठवत नाही. तूर्त कूलर तरी बंद कर आणि त्याला गोधडीत ठेव. जाणकार लोक येतीलच.

पातालपाणी | १२ जुलै, रात्री ११:५८

ताई, मी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे, इंदूरजवळ महूला शिकलो, आता बाहेरगावी असतो. पहिलं म्हणजे ते इंजेक्शन नाकारलंत ते फार चांगलं केलंत. जंतांसाठी कुत्र्या-गाईंना जे आयव्हरमेक्टिन सर्रास देतात ते कासवाला विषासारखं आहे, त्याने लकवा येऊन जीव जातो. हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

दुसरं, ही सर्दी समजू नका, तोंड उघडून श्वास म्हणजे प्रकरण बहुतेक खाली फुप्फुसापर्यंत गेलंय. कासवाचं शरीर आपल्यासारखं नाही. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो, खोकलो की हवा जोरात बाहेर पडते आणि कफ निघतो. कासवाला तसा पडदा नाही, आणि बरगड्या कवचाला जोडलेल्या, त्यामुळे छाती फुगूच शकत नाही. पाय आत-बाहेर करणारे आणि पोटाकडचे स्नायू हलवून ते श्वास घेतं. फुप्फुसं वर, पाठीच्या कवचाला लागून. म्हणजे खाली साचलेला कफ वर काढायला त्याच्याकडे साधनच नाही, त्याला खोकताच येत नाही. आणि त्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट असतो, एकदा बसला की बसला. म्हणून माणसाच्या सर्दीसारखं "सात दिवसांत जाईल" असं इथे चालत नाही.

आज रात्रीपुरतं सांगतो. भुशातून बाहेर काढा, सगळा भुसा टाकून द्या. थर्मोकोलचा किंवा पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, तळाला जुना टॉवेल, बाजूंना हवेसाठी भोकं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला, म्हणजे त्याला नको वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकता येईल. खोक्यात आत साधारण ३० डिग्री राहिलं पाहिजे, रात्री २७ च्या खाली जाऊ देऊ नका. कासवाचं अंग स्वतः गरम होत नाही, बाहेर जेवढं तेवढंच आत. गार असताना त्याची प्रतिकारशक्ती झोपलेली असते आणि औषधही नीट काम करत नाही, म्हणून ऊब ही पहिली ट्रीटमेंट. सकाळी हनुवटीच्या खाली राहील इतक्या उथळ कोमट पाण्यात १५ मिनिटं बसवा, जवळ बसून राहा.

हळदीची वाफ, बाम, निलगिरी, माणसांचं कफ सिरप यातलं काही नको. उलटं करून तपासू नका, पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो. आणि उद्याच डॉक्टर. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला आधी फोन करून विचारून घ्या, किंवा शहरात सरपटणारे प्राणी आणि पक्षी बघणारं कुणी असेल तर तिथे. एक्स-रे काढाच, आणि तो वरूनच नाही तर समोरून, डोक्याच्या बाजूनेही काढायला सांगा, त्यात दोन्ही फुप्फुसं वेगवेगळी दिसतात. अँटिबायोटिकचा डोस मी इथे लिहिणार नाही, तो वजनावर आणि तपासणीवर ठरतो.

आणि कागदपत्रं आहेत ना हो? विचारतोय कारण स्टार कासव (कवचावर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं आपल्याकडचं) असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

सुदामानगरची | १३ जुलै, रात्री १२:२०

डॉक्टर, खूप खूप आभार. खोका केला, टीव्हीचा होता. हो, सल्काटाच आहे, बिल आहे आणि परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी मुलाने करून घेतलीय. दुकानात स्टार पण दाखवलं होतं, लपवून मागच्या खोलीत, "घर में लक्ष्मी आएगी" म्हणत होता. नाही घेतलं.

पातालपाणी | १३ जुलै, रात्री १२:३१

छान केलंत. बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. स्टार कासव, आपल्या नद्या-तळ्यांतली कासवं, ही पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार अनुसूची १ मध्ये आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारातही २०१९ पासून साइटीस या वन्यजीव-व्यापार कराराच्या परिशिष्ट १ मध्ये. घरात असेल तर वनविभागाला कळवा, ती शुभ वस्तू नाही. सल्काटा परदेशी आहे, साइटीसच्या परिशिष्ट २ मध्ये, त्याची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेशवर करावी लागते.

रामबाग_आजोळ | १३ जुलै, सकाळी ७:०५

रात्र कशी गेली गं?

सुदामानगरची | १३ जुलै, सकाळी ७:४०

काकू, मी आणि मुलगा आळीपाळीने जागलो. दर दोन तासांनी पिशवीतलं पाणी बदललं. पहाटे तोंड बंद करून झोपला होता थोडा वेळ. आता निघतोय.

सयाजीबाग | १३ जुलै, दुपारी १:१५

मी बडोद्याचा. आमच्याकडे सल्काटा नऊ वर्षांचा आहे, २६ किलो. सुरुवातीला माझ्याकडूनही हेच सगळं झालंय म्हणून मनापासून लिहितोय, लांबेल, वाचून घ्या.

ताई, तुमचं औषध डॉक्टर देतील, पण घर नाही बदललंत तर महिनाभरात परत तिथेच याल, माझं झालं होतं तसं, दोनदा. मी पहिल्या वेळी इंजेक्शनं देऊन बरं केलं आणि परत त्याच टँकमध्ये ठेवलं.

काचेची टँक ही माशांसाठी आहे. हवा खेळत नाही, खालची हवा तिथेच राहते, लघवीचा वास, भुशाची धूळ, सगळं त्याच्या नाकाच्या उंचीवर. आपण पाच फुटांवरून श्वास घेतो, ते जमिनीपासून दोन इंचांवरून घेतं, हा फरक लक्षात घ्या. शिवाय काच त्याला कळत नाही, दिवसभर भिंतीवर चढायला बघतं, थकतं. भुसा तर फर्निचरचा म्हणजे त्यात प्लाय, फेव्हिकॉल, पॉलिश काय काय असणार, आणि चीडचं (पाइनचं) लाकूड असेल तर त्याचा उग्र वासच श्वासाला वाईट. वाळूही नको, नुसती धूळ उडते आणि खाण्याबरोबर पोटात जाऊन साचते.

आता "रेगिस्तानी आहे, कोरडं ठेवा" हे. सल्काटा सहाराच्या दक्षिण काठावरचा, साहेलमधला. वर रखरखाट असतो हे खरं, पण तो दिवसभर वर बसत नाही, खोल बीळ खणून त्यात राहतो आणि बिळातली हवा दमट आणि उबदार असते. पिल्लू तर बहुतेक वेळ तिथेच. कोरड्या टँकमध्ये वाढवलं की कवच पिरॅमिडसारखं टेकाडं टेकाडं होतं, अंगातलं पाणी कमी होतं आणि नाकातलं अस्तरही सुकतं. म्हणजे दमट हवा शत्रू नाही, गार दमट हवा शत्रू आहे. उबदार-दमट चालतं, उबदार-कोरडं मोठ्याला चालतं, गार-कोरडं थोडा वेळ निभतं, पण गार-ओलं म्हणजे न्युमोनियाला बोलावणं. आणि तुमचा कूलर काय करतो? गार आणि ओली हवा जमिनीलगत फेकतो.

छावनी_भिया | १३ जुलै, दुपारी ३:४०

कूलरचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या इंदूरमध्ये घरोघरी तोच. माझ्याकडे सल्काटा नाही, पाण्यातलं आहे, कानाशी लाल पट्टा असलेलं. दोन आठवडे झाले पोहताना एका बाजूला कलंडतंय, आणि डोळे सुजून बंद झालेत. एक्वेरियमवाल्याने आयड्रॉप दिले. वेगळा धागा काढू का?

पातालपाणी | १३ जुलै, सायं. ६:२०

नको, इथेच लिहा, मुद्दा जवळचाच आहे. कलंडणं म्हणजे एका बाजूच्या फुप्फुसात भरलंय आणि त्या बाजूला हवा कमी झालीय अशी दाट शक्यता, कधी पोटातल्या गॅसमुळेही होतं, एक्स-रेमध्ये कळेल. डोळ्यांबद्दल आधी सांगा, खायला काय देता?

छावनी_भिया | १३ जुलै, सायं. ६:३५

वाळलेली कोळंबी, डबीत येते ती. दुसरं काहीच नाही. पाण्यात हिटर नाही.

पातालपाणी | १३ जुलै, सायं. ६:५०

तिथेच आहे बघा मूळ. नुसत्या वाळक्या कोळंबीवर अ जीवनसत्त्व मिळत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांचं आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर जाड, कोरडं होतं, कफ वाहून न्यायचं त्याचं काम थांबतं, मग जंतूंना दार उघडंच. आयड्रॉपने डोळे उघडणार नाहीत. डॉक्टरांना दाखवा, अ जीवनसत्त्वाची ड्रॉप्स मात्र मनाने देऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलते. पाणी २६-२७ डिग्रीला, आणि पूर्ण कोरडं होऊन बसता येईल असा ओटा, त्यावर बल्ब. चांगल्या प्रतीच्या पेलेट्स, हिरवा पाला.

आणि एक विनंती, कंटाळा आला तरी सिरपूर किंवा यशवंत सागरमध्ये सोडू नका. इंदूरची ही दोन्ही तळी २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत आणि हे कासव अमेरिकेतलं, आपल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं, रोगही नेतं.

सुदामानगरची | १३ जुलै, रात्री ९:४५

आलो. एक्स-रे झाला, डाव्या फुप्फुसात खालच्या भागात पांढरं दिसतंय, न्युमोनियाच म्हणाले. वजन ८८५ ग्रॅम, मुलाच्या वहीत मेमध्ये ९४० लिहिलंय. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, पुढच्या पायात, तीन आठवडे. मी विचारलं मागच्या पायात का नाही तर म्हणाल्या मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडून जातं, औषध वाया जाऊ शकतं आणि किडनीला त्रास होतो. सलाइनचं नेब्युलायझेशन (मशीनने बारीक फवारा) रोज दोनदा, झाकणाच्या डब्यात ठेवून, मुलाच्या लहानपणचं मशीन होतं घरात ते कामाला आलं.

डॉक्टर बाईंनी सगळ्यात आधी औषध नाही लिहिलं, विचारलं "राहतो कुठे ते सांगा." फोटो दाखवला टँकचा, त्या काही बोलल्याच नाहीत थोडा वेळ. मला इतकं अपराधी वाटलं.

रामबाग_आजोळ | १३ जुलै, रात्री १०:०२

वाटून नको घेऊस. माहीत नव्हतं म्हणून झालं, कळल्यावर धावलीस ना.

सुदामानगरची | २१ जुलै, दुपारी ४:१०

अपडेट देते. बुडबुडे कमी, शिट्टी रात्री ऐकू येते अजून. खात नाही.

सयाजीबाग दादांचं वाचून एक काम केलं ते सांगायचंय. बाजारातून डिजिटल मीटर आणला, तापमान आणि ओल दोन्ही दाखवणारा. हॉलमध्ये भिंतीवर घड्याळाशेजारी धरला तर २८. मग कूलर चालू असताना तोच मीटर टँक होती त्या कोपऱ्यात फरशीवर ठेवला, कोटा स्टोन आहे आमच्याकडे, दहा मिनिटांनी २३.६ आणि ओल ८८ टक्के. एकाच खोलीत. दीड वर्ष मी खुर्चीत बसून म्हणत होते की घरात किती उकडतंय. मी त्या कोपऱ्यात चटईवर गाल टेकवून झोपून बघितलं, खरंच पाच मिनिटांत नाक गार पडलं.

आता नवं घर करायचंय. दिरांनी प्लाय देतो म्हटलंय. मापं सांगा कुणीतरी.

सयाजीबाग | २१ जुलै, रात्री ८:३०

हे फार छान केलंत, फरशीवर झोपून बघायचं मलाही सुचलं नव्हतं.

आत्ताच्या आकाराला ६ फूट बाय ३ फूट, भिंती दीड फूट, बाहेरचं न दिसणाऱ्या. वर्षा-दोन वर्षांत तेही अपुरं पडेल, तयारी ठेवा, मोठा नर ५० किलोच्या वर जातो आणि कित्येक दशकं जगू शकतो, तेव्हा मुलाला आत्ताच सांगून ठेवा की हा त्याच्या लग्नालाही असणार आहे. प्लाय आतून पाण्याला टिकेल असं करा पण रंग-पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत, दोन आठवडे तरी, त्याला आत ठेवू नका. बॉक्स फरशीवर थेट नको, खाली विटा किंवा पाट.

अर्धा भाग वरून झाकलेला, त्यात ऊब टिकते. अर्धा उघडा, हवेसाठी. गरम बाजूला बल्बखाली ३५ च्या आसपास, दुसऱ्या टोकाला २७-२८, म्हणजे तो स्वतः ठरवेल. रात्री उजेड नको, सिरॅमिक हिटर लावा, उजेड न देता गरम होतो. त्याला होल्डर चिनीमातीचाच, प्लास्टिकचा वितळतो, हिटर वायरवर न लोंबवता साखळीने टांगा आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरावीक तापमानाला आपोआप बंद-चालू करणारा) लावूच नका, आग लागलेली घरं ऐकलीत मी. खाली ठेवायचे गरम दगड मिळतात ते घेऊ नका, पोट भाजतं आणि त्याला लवकर कळतही नाही.

यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, ट्यूब वेगळी, ती वर्षाच्या आत बदलायची, दिसायला जळत असली तरी तिच्यातलं यूव्हीबी संपत जातं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. बरं झाल्यावर सकाळचं ऊन थेट द्या, सावलीची जागा ठेवून.

तळाला तुमची माळव्याची काळी माती नको. भिजली की चिकट गोळा, वाळली की दगड आणि भेगा, खालून गारच राहते. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि साधी लाल-पिवळी माती निम्मी-निम्मी, चार-सहा इंच जाड. मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये, तेवढीच ओल. खालचा थर ओलसर, वरचा कोरडा. एका कोपऱ्यात उलटा टब कापून गुहा, तिथे ओल जास्त. पाण्याचं पसरट भांडं कायम.

वैशाली_वेल | २१ जुलै, रात्री ९:१५

मी सगळं वाचतेय. आमच्याकडे संध्याकाळी डासांची कॉइल आणि गुरुवारी धूप असतो, आणि आम्ही राजवाड्याजवळ राहतो, रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, घरात आतपर्यंत गुलालाचा थर बसतो. याचाही त्रास होत असेल का कासवाला?

पातालपाणी | २१ जुलै, रात्री ९:४०

नुसत्या धुराने न्युमोनिया होईल असं नाही, पण नाकाचं अस्तर चिडतं आणि वर गारवा असेल तर भर पडते. कॉइल त्या खोलीत नकोच, जाळी लावा. गेरच्या दिवशी मागच्या खोलीत हलवा, खिडक्या बंद, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून मग परत आणा.

शिवाय एक समज दूर करतो. कासवाने डोकं आत ओढताना जो फुस्स आवाज येतो तो आजार नाही, आत जायला जागा व्हावी म्हणून फुप्फुसातली हवा बाहेर पडते. अंघोळीनंतर नाक ओलं दिसणंही साधं आहे, ते नाकानेही पाणी ओढतात. पण अंग कोरडं असताना परत परत बुडबुडा, एकाच नाकपुडीतून स्राव, मान ताणणं, मिटलेले डोळे, पुढच्या पायांवर वाळलेला शेंबूड, यातलं काही दिसलं की थांबू नका.

सुदामानगरची | ३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

खाल्लं!! आज सकाळी जास्वंदीचं पान, आधी एक, मग तीन. मी स्वयंपाकघरात पोहे टाकत होते, मुलगा ओरडतच आला, पोहे लागले खाली पण कुणाला काही वाटलं नाही. वजन ८७१ पर्यंत गेलं होतं, आज ८७६.

रामबाग_आजोळ | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४५

देव पावला. डोळ्यात पाणी आलं गं. आमची आजी सांगायची की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. तसं तू बघत बसलीस त्याच्याकडे तीन आठवडे.

पातालपाणी | ३ ऑगस्ट, दुपारी २:००

काकू, खरं सांगायचं तर कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, पिल्लं आपली आपणच वर येतात. पण नजरेचं म्हणाल तर पाळणाऱ्याला तीच लागते. ताई, खाल्लं म्हणून इंजेक्शनं बंद करू नका. कोर्स पूर्ण, मग परत एक्स-रे. कासवात बाहेरची लक्षणं आधी जातात, आतलं साफ व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

सुदामानगरची | ३ ऑगस्ट, रात्री ९:३०

नाही थांबवणार. एक विचारायचं होतं, ज्या दुकानातून आणलं तो फोनवर म्हणतोय एकटा आहे म्हणून आजारी पडला, जोडी न्या.

पातालपाणी | ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

अजिबात नको. सल्काटा एकटं राहणारं जनावर आहे, दोन नर तर एकमेकांना उलथे पाडतात. आणि नवीन कासव म्हणजे नवीन जंतू. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू असतो, वर्षानुवर्षं नाकात राहतो, कासव बरं दिसतं आणि ताण आला की परत वाहतं नाक. त्याला पेशीभिंतच नसते, म्हणून पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यावर चालत नाहीत. अमेरिकेत मोहावी वाळवंटातल्या कासवांमध्ये हा पसरला, पाळून मग जंगलात सोडलेल्या कासवांकडून गेला असावा असा तिथल्या लोकांचा संशय होता, १९९० मध्ये त्या कासवाला सरकारी संरक्षण द्यावं लागलं, त्यात घटत्या संख्येमागे या रोगाचंही कारण होतं. कुणाला दुसरं कासव आणायचंच असेल तर सहा महिने वेगळी खोली, वेगळी भांडी, हात धुऊन. वेगवेगळ्या जातीची एकत्र कधीच नाही.

छावनी_भिया | ९ ऑगस्ट, रात्री १०:१०

माझ्या कासवाचे डोळे उघडले. पोहतंय पण सरळ. ८० लिटरच्या टबमध्ये हलवलं, हिटर लावला. डॉक्टर, तुम्ही नसता तर मी आयड्रॉपच टाकत बसलो असतो.

लष्करकर | १८ डिसेंबर, रात्री ८:५५

जुना धागा वर काढतोय, माफ करा. मी ग्वाल्हेरहून. मुलीकडे छोटा सल्काटा आहे, हाताच्या पंजाएवढा. इथे रात्री ५-६ डिग्री चाललंय. पंधरा दिवस झाले हलत नाही, खात नाही, आम्हाला वाटलं शीतनिद्रेत गेला म्हणून बुटांच्या खोक्यात गवत घालून कपाटात ठेवला. आज काढून बघितला तर नाकाशी फेस आहे. हे नॉर्मल आहे का?

सुदामानगरची | १८ डिसेंबर, रात्री ९:०४

दादा, नाही, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. सल्काटा शीतनिद्रा घेतच नाही, त्याच्या मुलखात तसा हिवाळाच नसतो. तो झोपलेला नाही, गारठून थांबलाय. एकदम हिटरसमोर धरू नका, खोलीत आणा, खोका, टॉवेल, गरम पाण्याची पिशवी गुंडाळून, तास-दोन तासांत हळूहळू ३० पर्यंत न्या. पातालपाणी डॉक्टरांची १२ जुलैची पोस्ट वरती आहे, ती आधी वाचा, सगळं त्यात आहे. उद्या डॉक्टर आणि एक्स-रे. जंतांचं इंजेक्शन कुणी देतो म्हटलं तर नाही म्हणा.

आमच्याकडेही रात्री ८ वर गेलंय. माळव्याच्या गार रात्रीचं सगळे कौतुक करतात, मीही ओटल्यावर बसायचे, आता नऊ वाजले की मला आधी बॉक्सचा मीटर आठवतो. सिरॅमिक हिटर दोन लावलेत, एक बंद पडला तरी दुसरा राहील असे, आणि थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर घेतलाय, कारण मागच्या आठवड्यात पहाटे लाइट गेली तर तासाभरात बॉक्स १९ वर आला होता. वरून अर्ध्या भागाला थर्मोकोल आणि गोधडी, पण एक बाजू उघडीच, ऊब टिकवायच्या नादात हवा कोंडू नका. दुपारी ११ ते ३ ऊन असेल तर अंगणात, दगडी ओट्यावर, मातीत नाही.

लष्करकर | १८ डिसेंबर, रात्री ११:४०

वाचलं सगळं. खोक्यात २९ झालंय. पाय बाहेर काढलेत, डोळे अर्धे उघडलेत. मुलगी शेजारी बसलीय.

पातालपाणी | १९ डिसेंबर, सकाळी ६:५०

ताईंनी सांगितलंय ते बरोबर आहे, त्यात मला काही जोडायचं नाही. डॉक्टरांना हे नक्की सांगा की पंधरा दिवस पोटात काही नाही, आधी पाणी भरून काढायला लागेल, मग अँटिबायोटिक, नाहीतर किडनीवर ताण येतो. जबरदस्तीने तोंडात काही घालू नका, श्वासनळीत जाईल.

रामबाग_आजोळ | १९ डिसेंबर, सकाळी ७:१५

लष्करकर, तुमच्या लेकीला सांगा, इंदूरची एक आजी रोज विचारणार आहे.

लष्करकर | २ जानेवारी, सकाळी १०:३०

आजी, रोज विचारत होतात म्हणून तुम्हालाच आधी सांगतो. न्युमोनिया होता, दोन्हीकडे, पण थोडा. पाचवं इंजेक्शन झालं. इथे दोन दिवस धुकं आहे, ऊन नाही, पण बॉक्समध्ये ३१ आहे. आज सकाळी दूर्वांची दोन पाती खाल्ली आणि मुलीचं बोट पण चावायला बघितलं. वजन २१८ ग्रॅम, काल २१६ होतं.